पाखरं उडताना हवीत

“बोट अजून आत घे. मागे पाखरं उडताना हवीत,” फोटोग्राफर ओरडला. लग्नाआधीच्या फोटोंसाठी अन्विता आणि कौस्तुभ पक्षी अभयारण्याच्या तलावात आले होते.

“इथून पुढे मोटरबोटीला बंदी आहे. घरट्यांत पिल्लं आहेत,” अन्विता म्हणाली. फलक तिने काठावरच वाचला होता.

“वनरक्षकाशी बोलून ठेवलंय मी. तू फक्त हस,” म्हणत कौस्तुभने नावाड्याला खूण केली. इंजिन गरजलं. बाभळींवरचे बगळे एकदम उडाले. त्या गडबडीत एक पिल्लू पाण्यात पडलं, जरा वेळ फडफडलं आणि बुडालं.

“परफेक्ट!” फोटोग्राफर म्हणाला. कौस्तुभ हसतच फोटो बघायला वाकला.

शालू खोचून अन्विता कमरेएवढ्या पाण्यात उतरली, चिखल तुडवत काठावर आली आणि वनरक्षकाला म्हणाली, “दंड करा आम्हाला.”

तो गोंधळला. “ताई, तुमच्या मिस्टरांची वरपर्यंत ओळख आहे. आम्हाला तसं सांगितलंय.”

“तो माझा नवरा नाही,” बोटातली अंगठी काढत ती म्हणाली, “आणि आता होणारही नाही.”