खांबामागचे पाणी

पंप सुरू झाला तसे प्रयोगशाळेतल्या काचेच्या लांब पाटात पाणी चढू लागले. मुलीने झडप फिरवून वेग जुळवला. नदीला आज जी धार होती, तीच इथे लहान करून आणलेली. पाटाच्या मध्यावर पुलाचे मनगटाएवढे खांब उभे होते.

"हे आपण माशांसाठी बांधलंय," काका म्हणाले. त्यांची सगळी नोकरी बाबांच्या शेजारच्या टेबलावर झाली होती. "माणसासाठी नाही."

"पाण्याला काय ठाऊक, काका?"

काही दिवसांपूर्वी बाबा पुलावरून मोजमाप घेताना घसरून नदीत पडले होते. पाणबुडे पुलाच्या खालच्या अंगाला, धार जाते तिकडे, शोधून शोधून थकले होते आणि आज संध्याकाळी परत जाणार होते.

"वहिनींना बाहेर बसवू या का?" काकांनी हळूच विचारले.

"मी इथेच बरी आहे," आई म्हणाली.

ती भिंतीलगत स्टुलावर बसली होती. मांडीवर कापडी पिशवी. तीत बाबांचा कोरडा शर्ट, पायजमा आणि टॉवेल. पहिल्या दिवसापासून ती पिशवी तिने खाली ठेवली नव्हती. भिजले असतील, एवढेच म्हणायची.

मुलीने कपाटातून रबराचा मासा काढला. बाबांनी स्वतः ओतलेला, वीतभर लांब. आत ना मोटर, ना तार. बाबा त्याला 'साहेब' म्हणायचे. काहीही न करता जागा धरून बसतो म्हणून. एरवी त्याच्या नाकाला दोरा बांधत. तिने दोरा काढून टाकला आणि मासा धारेत सोडला.

"वाहून जाईल गं," काका म्हणाले.

वाहूनच गेला. आडवा, लुळा, खांबांच्या पार पुढे. मग मधल्या खांबामागून सुटणारे भोवरे त्याला लागले. एक डावीकडून, एक उजवीकडून. शेपटी हलली. पाठीला बाक आला. तोंड धारेकडे फिरले आणि मासा धारेविरुद्ध, वर, खांबाच्या दिशेने येऊ लागला. खांबाच्या पाठीशी आला आणि तिथेच पोहत राहिला.

काकांनी हे आधी पाहिले होते, पण दोऱ्यासकट. ते एक पाऊल मागे सरले.

आई उठून काचेजवळ आली. "जिवंत आहे का गं?"

"नाही, आई. पाणी हलवतंय त्याला."

"पण हलतोय ना."

फोन काढून मुलीने पाणबुड्यांच्या म्होरक्याला सांगितले, खाली नको, मधल्या खांबाला लागून बघा. अगदी त्याच्या पाठीशी.

"तिथं कोण राहील, ताई, एवढ्या धारेत?"

"बघा तरी."

काकांचा हात पंपाच्या बटणाकडे गेला.

"नका बंद करू, भावजी," आई म्हणाली. "दमला की थांबेल आपणहून."

मासा दमला नाही. खिडकीतले ऊन काचेवरून सरकून फरशीवर आले. शेपटीची लय तीच होती.

फोन वाजला. पाणबुड्याला धाप लागली होती.

"सापडले, ताई. तुम्ही सांगितलं तिथंच." तो म्हणाला. "इतकी वर्षं हेच काम करतोय मी. तरी फसलो, वर येऊन ओरडलो, जिवंत आहेत म्हणून. हात मारत होते हो. धारेकडे तोंड करून."

तिने फोन खाली घेतला.

"काय म्हणाला?" आईने विचारले.

मुलीने पंप बंद केला. पाण्याचा आवाज विरत गेला. शेपटी आणखी एकदा हलली, निम्मीच. मासा कुशीवर वळला आणि हळूहळू तळाला जाऊन टेकला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवीतला टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि कोपरापर्यंत दोन्ही हात पाण्यात, माशाच्या खाली घातले.