भिंतीत गेलेले बाबा

अकरावा टेकही वाया गेला. छोटीने भिंतीकडे पाहिलं, डोळे मोठे केले आणि मग कॅमेऱ्यामागे बॅग घेऊन उभ्या असलेल्या आपल्या वडिलांना विचारलं, झालं का.

दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला. उद्यापासून छोटीची परीक्षा होती आणि चार वाजता तिचे वडील तिला घेऊन गावी निघणार होते. सव्वातीन वाजले होते. एवढा एक शॉट सोडला तर सिनेमा पूर्ण होता, आणि सगळा सिनेमा याच शॉटवर उभा होता. सहा वर्षांची मुलगी बघते आहे, तिचे बाबा शांतपणे चालत जाऊन बैठकीच्या भिंतीत शिरतात, आणि तिला त्याचं काही नवल वाटत नाही. बाबांना भिंतीत घालण्याचं काम नंतर संगणकावर होणार होतं. नवल न वाटण्याचं काम मात्र छोटीलाच करायचं होतं.

तेच तिला जमत नव्हतं. पहिल्या चार टेकमध्ये ती साबणाच्या जाहिरातीतल्या मुलीसारखी दचकली. दचकू नकोस म्हटल्यावर तिने जांभई दिली. बाबा ऑफिसला निघालेत असं समज, म्हटल्यावर तिने भिंतीला टाटा केला.

घर दिग्दर्शिकेच्या आईचं होतं आणि गोष्टही याच घरातली. वडील भिंतीत गेले हे मी सहा वर्षांची असताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, असं दिग्दर्शिका प्रत्येक अर्जात लिहायची, प्रत्येक मुलाखतीत सांगायची. ते ऐकूनच सिनेमाचे सहा जण बिनबोभाट तिच्यामागे आले होते. भिंतीला कान असतात म्हणतात, या भिंतीत तर अख्खा माणूस होता. याला जादुई वास्तववाद म्हणतात, असं तिने आईलाही समजावलं होतं. आई बरं म्हणाली होती.

पण आता आईच्या नाकी नऊ आले होते. तीन दिवस सोफा गॅलरीत, पंखे बंद, आणि रेकॉर्डिंगमध्ये घरघर ऐकू येते म्हणून फ्रीजही बंद. दूध नासलं. सकाळी तिने फ्रीज उघडला तर आत आवाजवाल्याच्या मोटारसायकलची किल्ली. जाताना फ्रीज सुरू करायचं विसरू नये म्हणून आमच्यात ती अशीच ठेवतात, असं त्याने सांगितलं. एवढी अक्कल असलेल्या माणसाला आधी दूध बाहेर काढायचं का सुचलं नाही, हे तिने विचारलं नाही. तिने भांडी जोरात घासली, आणि त्या आवाजाने आणखी एक टेक गेला.

तेराव्या टेकला छोटी सरळ भिंतीपाशी गेली, बोटाने टकटक केली आणि मागे वळली.

"ताई, इथून कुणी जाऊच शकत नाही. घट्ट आहे."

दिग्दर्शिकेचा संयम सुटला. ती म्हणाली, "मी तुझ्याएवढीच होते. इथे उभी होते. मी बघितलंय. मला काही विचित्र वाटलं नव्हतं, मग तुलाच का वाटतंय?"

छोटीचे ओठ थरथरायला लागले. तिच्या वडिलांनी बॅग खाली ठेवली. तेवढ्यात आई ओले हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"तिच्यावर कशाला ओरडतेस? तू कुठे काय बघितलंयस?"

"आई, टेक चालू आहे."

"असू दे. तू शाळेत होतीस."

कॅमेरा थांबवायचा का, हे विचारायला कॅमेरामनने मान वळवली आणि ती तशीच राहिली.

आईने सगळं दुधाबद्दल बोलावं तशा वैतागात सांगून टाकलं. नवरा दुपारी बाराला गेला. चपला घातल्या, घराची किल्ली टेबलावर ठेवली आणि दारातून गेला, चार लोक जातात तसा. साडेबाराला शाळा सुटली.

दिग्दर्शिकेला आधी भयंकर राग आला. तीस वर्षं जपलेली गोष्ट आईने सगळ्यांदेखत नासवली होती. ती काहीतरी लागेलसं बोलणार होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"मग भिंत कुठून आली?"

"तू आलीस तेव्हा मी इथे उभी होते," आई म्हणाली, आणि दाखवावं म्हणून भिंतीपाशी जाऊन भिंतीकडेच तोंड करून उभी राहिली. "अशी. माझं तोंड तुला दिसू नये म्हणून. तू दप्तर टाकलंस आणि विचारलंस, बाबा कुठे गेले. मला काही वळता येईना. समोर भिंत होती, म्हटलं, आत गेले. तू बरं म्हणालीस आणि जेवायला मागितलंस."

एवढं सांगून झालं तरी ती वळली नाही. पाठ ताठ होती. एक हात भिंतीला टेकलेला होता, आणि तो ओला असल्याने रंगावर डाग पडत होता. तो डाग पुढच्या शॉटमध्ये चालणार नाही, हे एरवी कुणीतरी लगेच बोललं असतं.

दिग्दर्शिका जागची हलली नाही. आईकडे जावं, की आईने वळेपर्यंत थांबावं, हे तिला कळेना.

छोटी मघाशी आखून दिलेल्या खुणेवर पुन्हा जाऊन उभी राहिली होती. तिने एकदा दिग्दर्शिकेकडे पाहिलं, एकदा समोर.

"ताई," तिने हळूच विचारलं, "मग मी कुठे बघू? भिंतीकडे, की आजीकडे?"