तुझ्याच देशाचा

दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि खुर्चीसाठी दोन जमाती एकमेकींच्या जिवावर उठल्या. गटलुआकच्या वडिलांच्या कपाळावर कोरलेल्या जमातीच्या खुणा पाहूनच दुसऱ्या जमातीच्या सैनिकांनी त्यांना बसमधून उतरवलं होतं. ते परतलेच नाहीत. गटलुआक अकोल्यात शिकायला आला आणि घरमालकीण पार्वताबाईंच्या भाड्याच्या खोलीत एकटाच राहू लागला.

एक दिवस त्या अमरावतीहून आलेल्या एका पोराला घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"तुले एकट्याले करमत नाही ना? घे, तुझ्याच देशाचा हाये. कपाळबी तुझ्यासारखंच."

पोराने टोपी काढली. खुणा त्याच दुसऱ्या जमातीच्या होत्या. गटलुआकने मागची भिंत धरली.



पोरगा त्याच्या कपाळाकडे बघत पार्वताबाईंच्या पाठीमागे सरकला. "काकू," तो पुटपुटला, "तुमी जाऊ नका."