अर्थिंगची क्लिप

दाजींनीच मला कारखान्यात चिकटवलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "हे अल्कोहोल दिसतं पाण्यासारखं, पण याची वाफ जमिनीलगत सरपटते आणि एवढ्याशा ठिणगीनं पेटते. ओततानाही वीज साठून ठिणगी पडते, म्हणून ती वीज जमिनीत उतरवणारी ही अर्थिंगची क्लिप ड्रमला लावल्याशिवाय तोटी उघडायची नाही."

ती क्लिप तुटली तेव्हा मी दाजींनाच सांगितलं. ते म्हणाले, "नवी मागवतो. तोवर भागव, काही होत नाही."

तीन आठवडे भागवलं. मग एका सकाळी लोखंडी बादली भरताना भडका उडाला आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. दाजी रोज दवाखान्यात येऊन मला घास भरवायचे. म्हणायचे, "चौकशीचं मी बघतो, तू निर्धास्त राहा."

आज चौकशीचा अहवाल आला. माझे हात बांधलेले, म्हणून ताईनं वाचून दाखवला. "क्लिप जागेवर होती. कामगारानं निष्काळजीपणानं ती लावली नाही." खालची सही काही तिला वाचवेना. तिनं सोबतचा फोटो माझ्यापुढे धरला.

ड्रम जळून काळाठिक्कर, मागची भिंत काळीठिक्कर, आणि त्याच भिंतीवरच्या खुंटीला लटकलेल्या क्लिपवर काजळीचा एक ठिपकाही नव्हता.