जमा केलेली बंदूक

"निवडणूक संपेपर्यंत जमा केलेली बंदूक मिळणार नाही," ठाणेदाराने पुन्हा बजावलं, तसा झिंगू मडावी धुसफुसत बाहेर आला. मोहफुलं वेचताना अस्वलाने त्याच्या बायकोचे दोन्ही हात फाडले होते.

"मिळाली तरी काय? अस्वल मारलं की वनखातं आपल्यालाच आत टाकतं," शिकारीतला जोडीदार लखमा म्हणाला. "मग परवाना काय भिंतीवर लावायला?"

"तुझी लपवलेली भरमार बंदूक काढ. आजच निघू," झिंगू म्हणाला.

कोयता घ्यायला झिंगू घरात शिरला.

"तुम्ही जेलात गेलात, तर मला कोण भरवणार?" बायकोने विचारलं.

त्याला तिचाही राग आला. बाहेरून लखमाने हाक मारली. धुमसतच झिंगू चुलीपाशी बसला, वाटीत पेज ओतली आणि फुंकर घालून तिच्या ओठांशी नेली.