दमलेली गोळी

सरावात एका मुलीचा नेम चुकला, गोळी लक्ष्यामागच्या मातीच्या बांधावरून निघून गेली आणि नेमबाजीच्या कोचबाईंनी लगेच सराव थांबवला. "सोडा हो मॅडम," मुलीचे वडील हसले, "पॉइंट टू टू रायफलची चिमुकली गोळी, जाऊन जाऊन जाणार कुठे?" दीड किलोमीटर जाते, हे कोचबाईंना पाठ होतं. लांबवर दमते खरी, पण दमलेली गोळीही डोळा फोडते. कोचबाई रायफली कुलपात टाकून पलीकडच्या वस्तीकडे धावत सुटल्या. प्रत्येक घराची काच न्याहाळत गेल्या. शेवटच्या घराच्या खिडकीला भोक होतं. दार कडेवर बाळ घेतलेल्या तरुणीनं उघडलं. "पोरांनी दगड मारला वाटतं," ती म्हणाली. गप्प राहणं सोपं होतं. "दगड नव्हे ताई, आमची गोळी." कोचबाईंनी दूरवरचा बांध दाखवला. "इतक्या लांबून?" ती हसली. मग तिनं खिडकीखालचा पाळणा पाहिला आणि बाळाला कवटाळलं.