सात चुका

सातवी चूक सापडली तेव्हा बाईंनी लाल पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं.

हा कागद मुलांच्या गृहपाठाचा नव्हता. एका आईचं पत्र होतं. पण तळपायाची आग मस्तकात गेलेल्या माणसाला एवढा फरक कुठला दिसायला! आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावून अकरा पत्रं पुढ्यात टाकली होती. सगळी पालकांची, सगळ्यांचं रडगाणं एकच. दुसरीच्या वर्गात महिनाभर कोळीच का चाललाय? कोळ्यावर परीक्षेत प्रश्न येतो का? परीक्षेत आईबापांवरही प्रश्न येत नाही, पण हे बोलायची सोय नव्हती.

"सोमवारी मला ते जाळं वर्गात दिसता कामा नये," मोठ्या बाई म्हणाल्या. बाईंनी तणतणत वर्गात येऊन मुलांनाही तसंच सांगून टाकलं.

जाळं लोकरीचं होतं. बाईंनी स्वतःच्या हातांनी फळ्यापासून खिडकीपर्यंत विणलेलं. उभ्या धाग्यांवर नामांच्या चिठ्ठ्या: कोळी, माशी, भिंत, पाय. आडव्या धाग्यांवर क्रियापदं: विणतो, चढतो, पडतो, पळते. मुलं एक चिठ्ठी इथली काढायची, एक तिथली, आणि वाक्य करायची. कुणी "भिंत पळते" केलं की वर्ग गडाबडा लोळायचा. रोज वाचनाचा एक कागद घरी जायचा. वर्षाच्या सुरुवातीला अक्षराला अक्षर न लावणारी पोरं आता घडाघडा वाचत होती. आणि हे बंद करायचं! कुणाच्या सांगण्यावरून, तर उंटावरच्या शहाण्यांच्या.

बारावं पत्र आज मधल्या सुट्टीनंतर शेवटच्या बाकावरच्या चिमुरडीने आणून दिलं. दुरेघी वहीचं पान, पेन्सिलीने लिहिलेलं. "कोळि बंद" एवढे दोन शब्द बाईंना दिसले आणि पुढचं वाचायची त्यांना गरजच वाटली नाही. हात मात्र सवयीने चालला. चूक दिसली की लाल गोल. खाली ठसठशीत शेरा मारला: "सात चुका. आधी स्वतः लिहायला शिका, मग मला शिकवा."

"बाई, ते आईचं..."

"माहितीये मला. तिलाच नेऊन दे. आणि बस जागेवर."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच बाई कात्री घेऊन स्टुलावर चढल्या. रात्रभर चरफडून राग काही उतरला नव्हता. एकेक धागा त्या असा कापत होत्या, जणू त्यानेच तक्रार केली होती. निम्मं जाळं जमिनीवर आलं तेव्हा चिमुरडी दारात उभी होती. हातात तोच कागद.

"काय? आई आलीय भांडायला?"

"नाही बाई. ती कामाला गेली. हे तपासायला दिलंय."

बाईंनी कागद हिसकावूनच घेतला. मागच्या बाजूला सात शब्द होते, प्रत्येक पाच वेळा लिहिलेला. वर्गाचा नियमच होता तो, चुकलेला शब्द पाचदा. वरच्या ओळींतली अक्षरं वाकडी होती, खाली येता येता सरळ झाली होती.

बाई स्टुलावरून उतरल्या. पान उलटलं आणि लाल गोलांमधून ते पत्र त्यांनी पहिल्यांदा वाचलं.

"बाई, मुलगि सांगते कोळि बंद होनार. करु नका. ती कागद घरि आणते, मी शेजारि बसते. काल दुकानाची पाटि वाचली."

बाईंचे कान तापले. संताप अजून तेवढाच होता. फक्त आता तो त्या अकरा पत्रांवर नव्हता, मोठ्या बाईंवरही नव्हता.

त्यांच्या शेऱ्याखाली पेन्सिलीने एक ओळ लिहिलेली होती. तीत एकही चूक नव्हती.

"शिकते आहे, बाई. पुढचा कागद द्या."